परदेशी बाजारपेठेची पारख

इ. स. १८०६ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील बोस्टन बंदरातून 'फेव्हरिट' नावाचे एक जहाज कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच बेटाकडे निघाले. जहाजात सुमारे १३० टन बर्फ भरलेला होता. आपल्याकडे हिवाळ्यात तळी गोठून जो बर्फ फुकट मिळतो, तो उष्ण प्रदेशात मोठ्या किमतीला विकला जाईल, अशी फ्रेडरिक ट्यूडर या बावीस वर्षांच्या तरुणाची कल्पना होती. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी त्याची थट्टा केली. बर्फ वाटेतच वितळून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. तसे काही झाले नाही. बर्फाचा बराच मोठा भाग मार्टिनिकच्या सेंट पिएर बंदरात सुखरूप पोहोचला. ट्यूडर बुडाला तो त्यानंतर.

बेटावर बर्फ साठविण्यासाठी एकही कोठार नव्हते. माल जहाजावरूनच विकावा लागला आणि दर दिवसाला तो डोळ्यांदेखत कमी होत गेला. गिऱ्हाइकांना बर्फ घरी कसा न्यावा, कसा ठेवावा आणि त्याचे करावे काय, हेच माहीत नव्हते. ट्यूडरने एका उपाहारगृहाच्या मालकाला आइस्क्रीम करून दाखविले आणि त्याचा पहिल्याच रात्री चांगला गल्ला जमला. परंतु एका उपाहारगृहाने १३० टनांचा प्रश्न सुटणार नव्हता. या एका सफरीत ट्यूडरला तीन-चार हजार डॉलरांचा फटका बसला. पुढील काही वर्षांत कर्जापायी त्याला तुरुंगाचीही वाट पाहावी लागली.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८३३ च्या मे महिन्यात, याच ट्यूडरने 'टस्कनी' नावाच्या जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला रवाना केला. हा प्रवास चार महिन्यांचा होता आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागत होते. सप्टेंबरमध्ये जहाज हुगळी नदीत शिरले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. तो हातोहात खपला. ट्यूडरचा भागीदार विल्यम रॉजर्स याचा गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक यांनी चांदीचा चषक देऊन गौरव केला. पुढे अनेक वर्षे कलकत्ता हे ट्यूडरचे सर्वांत किफायतशीर गिऱ्हाईक राहिले.

बर्फ तोच होता, विकणाराही तोच होता. मग जवळच्या मार्टिनिकमध्ये जे साधले नाही ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कसे साधले? एखादा परदेश आपल्या मालाला चांगली बाजारपेठ ठरेल की नाही, या प्रश्नाची बहुतेक उत्तरे या एका तुलनेत सापडतात.

जवळ आणि दूर

कलकत्त्यात ट्यूडरला अनुकूल अशा चार गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे गरज तेथे आधीपासूनच होती, आणि ती भागविण्यासाठी लोक पैसेही मोजत होते. हुगळीजवळ थंडीच्या रात्री मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवून पातळ बर्फ धरण्याचा उद्योग चालत असे. हा बर्फ गढूळ, महाग आणि अपुरा होता. तरीही त्याला मागणी होती. शहरातील इंग्रज अधिकारी आणि व्यापारी यांना बर्फ म्हणजे काय, हे शिकवावे लागले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माल ठेवण्याची सोय. गावातील रहिवाशांनी वर्गणी काढून बर्फघर बांधून दिले. मद्रासेतही पुढे बर्फघर उभे राहिले. मरीना किनाऱ्यावरील ती इमारत आज विवेकानंदांचे स्मारक म्हणून ओळखली जाते.

तिसरी गोष्ट सरकारी धोरणाची होती. बर्फावरील आयातशुल्क माफ करण्यात आले आणि तो थंड वेळी, रात्री उतरवून घेण्याची परवानगी मिळाली. एरवी जकातीची कागदपत्रे पुरी होईपर्यंत माल धक्क्यावरच पाणी होऊन गेला असता.

चौथी गोष्ट जहाजभाड्याची. अमेरिकी जहाजे हिंदुस्थानातून नीळ, कातडी, कापड असा माल भरून नेत. येताना मात्र त्यांना पुरेसा माल मिळत नसे. रिकामे जहाज समुद्रात डळमळते, म्हणून त्यात वजनासाठी काहीतरी भरावेच लागते. तेव्हा बर्फासाठी भाडे थोडे पडे. याउलट वेगळ्या परिस्थितीत याच अंतराने साऱ्या नफ्याचा चट्टामट्टा केला असता.

याशिवाय मधल्या सत्तावीस वर्षांत ट्यूडर स्वतःही शिकला होता. लाकडाचा भुसा बर्फाभोवती भरला तर तो जास्त टिकतो, हे त्याने अनुभवाने जाणले होते. हवाना येथे त्याने आधी कोठार उभारले आणि मग माल पाठविला. नॅथॅनिएल वाएथ या त्याच्या सहकाऱ्याने १८२५ च्या सुमारास घोड्याने ओढण्याचे बर्फ कापण्याचे यंत्र तयार केले, त्यामुळे सारख्या आकाराच्या लाद्या एकमेकींना घट्ट लावून रचता येऊ लागल्या.

यावरून ध्यानात येते की, व्यापारातील अंतर केवळ मैलांत मोजता येत नाही. जोधपूर येथे जन्मलेले अर्थतज्ज्ञ पंकज घेमावत यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात हा विचार व्यवस्थित मांडला. त्यांच्या मते दोन देशांमधील अंतर चार प्रकारचे असते: संस्कृतीचे, कायदा आणि शासनव्यवस्थेचे, भूगोलाचे आणि आर्थिक परिस्थितीचे. नकाशावर शेजारी असलेला देश इतर तीन बाबतींत फार दूर असू शकतो. देश निवडताना ही चारही अंतरे स्वतंत्रपणे पाहिली पाहिजेत, आणि ती देशागणिक नव्हे तर मालागणिक पाहिली पाहिजेत. सिमेंटला भौगोलिक अंतर मारक ठरते, हिऱ्याला ते जाणवतही नाही. खाद्यपदार्थाला संस्कृतीचे अंतर ओलांडावे लागते, यंत्राच्या सुट्या भागाला ते क्वचितच आडवे येते.

माणसे आणि गिऱ्हाइके

परदेशी बाजारपेठेविषयीची सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग चूक म्हणजे डोकी मोजणे. 'त्या देशात दहा कोटी लोक आहेत. त्यांतील केवळ एक टक्का लोकांनी आपली वस्तू घेतली तरी दहा लाख गिऱ्हाइके मिळतील,' असा हिशेब पुष्कळदा ऐकू येतो. या हिशेबात 'केवळ' या शब्दाला काहीही आधार नसतो. एक टक्का का, अर्धा टक्का किंवा शून्य का नाही, याचे उत्तर हिशेब मांडणाऱ्यापाशी नसते.

ही चूक परदेशी उद्योगांनी आपल्या देशाबाबतही केलेली आहे. केलॉग या अमेरिकी कंपनीने १९९४ साली भारतात कॉर्नफ्लेक्स आणले. मुंबईजवळच्या तळोजा येथे कारखाना काढला. त्या वेळी देशाची लोकसंख्या नव्वद कोटींच्या पुढे गेली होती आणि मध्यमवर्ग वाढत होता. परंतु येथील न्याहारी बहुतांशी गरम असते. पोहे, उपमा, इडली, पराठा हे पदार्थ ताजे आणि ऊन खाल्ले जातात. दूधही तापवून पिण्याची सवय. कॉर्नफ्लेक्सची घडण थंड दुधासाठी होती. गरम दूध ओतताच त्यांचा कुरकुरीतपणा जाऊन लगदा होई. शिवाय किंमत नेहमीच्या न्याहारीच्या मानाने बरीच होती. कुतूहलापोटी एकदा घेतलेला पुडा घरात पुन्हा येईना. लहान पुडे, निराळ्या चवी असे बदल करीत कंपनीला येथे हळूहळू पाय रोवावे लागले.

या उदाहरणातून कंपनीची फजिती पाहण्यापेक्षा आपला धडा घेणे अधिक उपयोगी आहे. आपण जेव्हा परदेशात माल पाठविण्याचा विचार करतो, तेव्हा त्या लोकांच्या स्वयंपाकघरात, शेतात किंवा कारखान्यात आपल्या वस्तूची जागा आज कोणत्या वस्तूने घेतलेली आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. खरा प्रतिस्पर्धी तोच. केलॉगची स्पर्धा दुसऱ्या कॉर्नफ्लेक्सशी नव्हती, ती पोह्यांशी होती. गरज आहे आणि तिच्यावर लोक आज काही ना काही खर्च करीत आहेत, असे दिसले तरच तिला मागणी म्हणावे.

वेशीवरील तपासणी

मागणी आहे, पण माल आत नेण्याची परवानगी नाही, असेही होते. भारतीय आंब्याचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. आपला आंबा चवीला श्रेष्ठ आहे, याविषयी वाद नव्हता. तरीही जपानने १९८६ साली फळमाशीच्या भीतीमुळे भारतीय आंब्याला बंदी केली आणि ती उठण्यास २००६ साल उजाडले. फळ ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ वाफेने तापवून त्यातील अंडी-अळ्या नष्ट करण्याची पद्धत मान्य झाल्यावरच ते दार उघडले. अमेरिकेची बाजारपेठही सुमारे अठरा वर्षे बंद होती. तेथील अधिकाऱ्यांना फळमाशीबरोबरच कोयीत दडून बसणाऱ्या भुंग्याची धास्ती होती. अखेर गॅमा किरणांचा मारा करून आंबा निर्जंतुक करण्याचा मार्ग निघाला आणि २००७ साली पहिला माल अमेरिकेला गेला. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणन केंद्र उपयोगी पडले. ते मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेले होते.

एकदा उघडलेले दार कायम उघडे राहील, असाही भरवसा नसतो. युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर आणि काही भाज्यांवर बंदी घातली; आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. अमेरिकेच्या बाबतीत तर तेथील निरीक्षक येथे येऊन प्रक्रिया पाहील, अशी अट होती. २०२० मध्ये महासाथीमुळे निरीक्षकांचा प्रवास थांबला आणि त्याबरोबर आंब्याची निर्यातही थांबली. ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. या काळात बागेतील आंब्याचा दर्जा किंवा परदेशातील खाणाऱ्याची आवड यांत काहीही फरक पडला नव्हता.

म्हणून देश निवडताना आयातशुल्काचा दर पाहून थांबू नये. रोगकीड, कीटकनाशकांचे अंश, वेष्टन, लेबलावरील भाषा, सुरक्षिततेची प्रमाणपत्रे यांविषयीचे नियम बहुधा शुल्कापेक्षा कठीण असतात. ते पाळण्याचा खर्च वर्षाला किती येतो आणि तो किती मालावर वाटला जाईल, हे काढून पाहावे. मोठ्या उत्पादकाला जो खर्च नगण्य वाटतो, तोच लहान उत्पादकाला ती बाजारपेठ सोडून द्यायला लावतो.

किमतीची चढण

समजा, एका वस्तूची कारखान्याच्या दारातील किंमत १०० रुपये आहे. जहाजभाडे आणि विमा मिळून १५ रुपये झाले, म्हणजे ती परक्या बंदरात ११५ रुपयांना पोहोचली. तेथे २० टक्के आयातशुल्क लागले की ती १३८ रुपयांची होते. आयातदाराने १५ टक्के आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले की गिऱ्हाइकासमोर ती सुमारे २०६ रुपयांना येते. हे आकडे कल्पित असले तरी चढण खरी आहे. प्रत्येक टप्प्याची टक्केवारी आधीच्या टप्प्याच्या वाढलेल्या रकमेवर लागते, हे पुष्कळ जण विसरतात आणि आपल्या दारातील किमतीची तुलना तिकडच्या दुकानातील किमतीशी करून नफ्याची स्वप्ने पाहतात.

हिशेब उलट्या दिशेने करावा, हे उत्तम. तिकडच्या दुकानात तशीच वस्तू कितीला मिळते, ते आधी पाहावे. मग एकेक टप्पा वजा करीत आपल्या दारापर्यंत यावे. उरलेल्या रकमेत आपला उत्पादनखर्च भागून काही शिल्लक राहत असेल तरच पुढे जावे. अमेरिकेतील आंब्याच्या बाबतीत हा हिशेब कठीण का होतो, ते पाहा. आपला ताजा आंबा किरणन करून विमानाने न्यावा लागतो; मेक्सिकोचा आंबा सीमा ओलांडून रस्त्याने जातो. साहजिकच तेथील सामान्य दुकानात मेक्सिकोच्या फळाचे राज्य आहे आणि आपले फळ मुख्यतः त्याची ओढ असणाऱ्या, अधिक पैसे मोजणाऱ्या भारतीय वंशाच्या कुटुंबांपुरते राहते. ही बाजारपेठ लहान आहे. परंतु ती लहान आहे हे ओळखून तिच्यात उतरणाऱ्याला ती वाईट नाही. ती अफाट आहे असे समजून उतरणाऱ्याला मात्र ती बुडवील.

आकडे वाचताना

आता बहुतेक व्यापारी देश मालाचे वर्गीकरण १९८८ पासून अमलात आलेल्या एकाच सांकेतिक पद्धतीने करतात. त्यामुळे कोणता देश कोणती वस्तू, कोणाकडून आणि किती घेतो, हे आकडे मिळविणे अवघड राहिलेले नाही. पण आकडे सांगतात त्याहून अधिक त्यांच्याकडून वदवून घेऊ नये. भारतीय द्राक्षांची फार मोठी निर्यात नेदरलँड्सला होते, असे आकडे दाखवितात. याचा अर्थ डच लोक आपली सारी द्राक्षे खातात असा नव्हे. रॉटरडॅम हे युरोपचे प्रवेशद्वार आहे. तेथे उतरलेला माल पुढे अनेक देशांत जातो. दुबई आणि सिंगापूर यांच्या आकड्यांचीही हीच गोष्ट. त्याचप्रमाणे एखाद्या देशाची आयात शून्य दिसली तर तेथे गरज नाही, की परवानगी नाही, की तो माल स्थानिक कारखानेच पुरेसा काढतात, हे आकडा सांगत नाही. ते तेथे जाऊन, दुकाने हिंडून आणि आयातदारांशी बोलूनच कळते.

पैसा हाती येईपर्यंत

माल विकला गेला म्हणजे व्यवहार पुरा झाला असे नाही. पैसा हाती येणे बाकी असते. या बाबतीत भारताने घेतलेला सर्वांत कडू अनुभव सोव्हिएत संघाचा होय. १९५३ च्या व्यापार करारानंतर हा व्यापार वाढत गेला आणि त्याची फेड रुपयांत होऊ लागली. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला ही मोठीच सोय होती. भारतीय चहाचा तो मोठा ग्राहक बनला. लुधियानाच्या लोकरी विणकामाचे कारखाने त्या मागणीवर वाढले. १९९०-९१ मध्ये भारताच्या एकूण निर्यातीचा सहाव्या हिश्श्याच्या आसपास भाग सोव्हिएत संघाला जात होता. डिसेंबर १९९१ मध्ये तो देशच विसर्जित झाला. ज्या उत्पादकांनी वर्षानुवर्षे दुसरा ग्राहक शोधला नव्हता, त्यांच्या यंत्रांना एकाएकी काम उरले नाही. त्यांच्या मालात दोष नव्हता. सर्व भार एकाच खांबावर दिला होता, हा दोष होता.

या धोक्यांवर काही उपाय आहेत. ज्याला व्यापारी लेटर ऑफ क्रेडिट म्हणतात त्या पतपत्रामुळे ग्राहकाऐवजी त्याची बँक पैशाची जबाबदारी घेते. मात्र कागदपत्रे अटींबरहुकूम असावी लागतात. ग्राहक बुडाला, किंवा त्याच्या देशात युद्ध, उठाव किंवा चलनबंदी झाली, तर होणाऱ्या हानीचा विमा उतरविण्यासाठी भारत सरकारने १९५७ साली एक महामंडळ स्थापन केले. ते आज ईसीजीसी या नावाने ओळखले जाते. एखाद्या देशासाठी हा विमा किती महाग पडतो, यावरूनही त्या देशाविषयी पुष्कळ काही समजते. तथापि विम्याने नुकसान भरून निघते, बाजारपेठ परत मिळत नाही.

निर्णय

सर्व माहिती गोळा झाल्यावरही अनिश्चितता उरतेच. अशा वेळी 'हा देश चांगला आहे काय?' असा ढोबळ प्रश्न न विचारता, 'कोणती गोष्ट आढळली तर मी येथे जाणार नाही?' असा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर शोध सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावे. एकदा मन गुंतले की माणसाला अनुकूल पुरावाच दिसू लागतो. त्यानंतर पहिली खेप इतकी लहान ठेवावी की ती सबंध बुडाली तरी मूळ धंदा उभा राहील. मोठ्या कंपनीला एक देश चुकला तर तिच्या वार्षिक अहवालात एक परिच्छेद वाढतो. वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याला मात्र एक चुकलेली खेप पुरते. त्या माणसांच्या चुली निर्यातदाराच्या अंदाजावर पेटत असतात, हे विसरता कामा नये. यासाठी योग्य वेळी दिलेला नकार हाही यशस्वी निर्णयच मानला पाहिजे.

ट्यूडरच्या कथेचा शेवट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. बर्फाची बाजारपेठ सत्तावीस वर्षे अभ्यासून ओळखणाऱ्या या माणसाने त्याच सुमारास कॉफीचा सट्टा केला. कॉफीच्या बाजाराची त्याला तशी पारख नव्हती. त्यात तो दोन लाख डॉलरांहून अधिक कर्जात बुडाला, आणि ते कर्ज फेडण्यास पुढील अनेक वर्षांची बर्फाची कमाई, विशेषतः कलकत्त्याची, कामी आली. ती बाजारपेठही अमर नव्हती. १८७८ साली कलकत्त्यात यंत्राने बर्फ करणारी कंपनी निघाली आणि काही वर्षांतच अमेरिकी बर्फाची जहाजे येईनाशी झाली. बाजारपेठेची पारख एकदा करून संपत नाही, ती दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते.